ओठांत धरलेला ब्रश

हे वाचताना तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात ब्रश असेल, तर आधी तो काढा, फडक्याला पुसा आणि बाजूला ठेवा. मग पुढे वाचा. जे पेंटर नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, हात काय फक्त आम्हालाच असतो असं नाही.

मी बोर्ड रंगवणारा माणूस, इब्राहिम. हर्णैच्या बंदरात होड्यांवर नावं लिहून माझा हात बसला. तिथून चुलतभाऊ दाऊदभाईंनी मला दुबईला आणलं. खाडीच्या दोन्ही काठांवर तेव्हा नवी दुकानं निघत होती आणि प्रत्येकाला बोर्ड हवा होता. इंग्रजी, उर्दू, गुजराती, नागरी, मी सगळं लिहायचो. अरबी कुणी कागदावर लिहून दिलं की त्याची हुबेहूब नक्कल करायचो. अक्षराचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? माझी बायको हाजरा गावाला असते. ती एकदा पत्रात म्हणाली होती, ‘तुमचं पत्र आलं की आधी नुसतं बघत बसते, वाचते मागाहून.’ ते वाक्य मी दुबईत निदान दहा जणांना वाचून दाखवलं असेल.

चार वर्षांपूर्वी हाच हात गेला होता. तो परत आला हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून वाचणार नाही.

*पोटापासून सुरुवात*

आधी दुखायला लागलं ते पोट. असं दुखायचं की शिडीवरून उतरून मी फुटपाथवर उकिडवा बसायचो. तोंडाला सतत एक धातूची चव. चेहऱ्याचा रंग उडालेला, भूक मेलेली. दाऊदभाई एका शिपिंग कंपनीत क्लार्क होते आणि त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर उपाय तयार असायचा.

“पाणी बाधलं तुला. सगळ्यांना बाधतं. गरम पाण्यात लिंबू पिळून घे, आठवड्यात खलास.”

आठवडा झाला, महिना झाला. लिंबं संपली, दुखणं तिथंच.

मग एका सकाळी मी एका शिंप्याच्या दुकानाचा बोर्ड लिहीत होतो. ‘टेलर’मधलं शेवटचं अक्षर ओढताना ब्रश हातातून पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी मनगटाकडे बघितलं. पंजा खाली लोंबत होता. वर कर म्हटलं तर होईना. बोटं मिटत होती, पण उघडायची म्हटली की ऐकत नव्हती. शिंपी खालून ओरडला, “पेंटर, यल्ला, जल्दी कर, दुकान खोलना है!” मी डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून खाली उतरलो. तो बोर्ड पुढे कुणी पुरा केला, मला माहीत नाही.

*निदानाचा दिवस*

इस्पितळ खाडीपासून जवळच होतं. बैठी इमारत, लांब व्हरांडा, छताला पंखे. डॉक्टर म्हातारे इंग्रज होते, मितभाषी. त्यांच्याबरोबर एक स्पॅनिश नर्स होती, सिस्टर इनेस. आधी बरीच वर्षं ती गुजरातेतल्या एका दवाखान्यात होती. त्यामुळे ती हिंदी बोलायची, पण त्या हिंदीला गुजरातीची फोडणी असायची. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “इब्राहिमभाई, फिकर मत करो, सब सारू हो जाएगा.” मला त्या अवस्थेतही हसू आलं.

चार दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, तिथे एक काळपट निळी रेघ होती. त्यांनी ती दोनदा बघितली आणि सिस्टरशी काही बोलले. तिने मला विचारलं, काम काय करतोस? मी सांगितलं. रंग कुठला? सांगितलं, की पांढरा, म्हणजे सफेदा, मी स्वतः अळशीच्या तेलात घोटतो, विकतच्या डब्याला ती चमक नसते. हेही मी अभिमानानेच सांगितलं.

“कैसे लिखते हो, दिखाओ ना,” ती म्हणाली. घशाला औषध लावायचा एक बारीक ब्रश तिने पाण्यात बुडवून माझ्या डाव्या हातात दिला आणि समोर पुठ्ठा धरला.

मी काय केलं असेल? वीस वर्षांची सवय. ब्रश ओठांत धरला, फिरवून टोक काढलं आणि मग पुठ्ठ्याकडे नेला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. सिस्टरने माझं मनगट धरलं. “ये हर बार करते हो?”

“हर अक्षर को,” मी म्हणालो. हर्णैला मला शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पाण्याने केस फुलतात, फडक्याने तुटतात, ओठांनी मात्र टोक सुईसारखं येतं. ओठ न लावता लिहिलेल्या अक्षराला ते ‘दाढीवालं’ म्हणायचे. आमच्यात ज्याचे ओठ पांढरे तो पक्का पेंटर.

सफेद्यात शिसं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. प्रत्येक अक्षरामागे थोडं थोडं, वीस वर्षं मी ते गिळत आलो होतो. तेच आधी पोटात आणि मग हाताच्या नसांत गेलं होतं.

“हाथ वापस आएगा?” मी विचारलं.

सिस्टरने डॉक्टरांना विचारलं. ते बराच वेळ बोलले. तिने मला एवढंच सांगितलं, “शायद.” त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त लाज. कुणी मारलं नाही, अपघात झाला नाही. मीच माझा हात चाखून चाखून खाल्ला होता.

*शेजारची खाट*

शेजारच्या खाटेवर करीमबक्ष होता. कराचीचा सुतार, पाय मोडलेला, कमरेपर्यंत प्लास्टर. माझा उजवा हात लाकडी पट्टीला बांधला तेव्हा जेवणाचा प्रश्न आला. डाव्या हाताने खायचं नाही हे लहानपणापासून माझ्या अंगात मुरलेलं. आईने त्यासाठी माझ्या हातावर कितीदा चापट मारली असेल. पहिल्या दुपारी मी ताटाकडे बघत बसलो. करीमबक्षने हे बघितलं. त्याने आपली खाट सरकवून घ्यायला लावली, रोटीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

“मुँह खोल. मेरे हाथ में कोई ज़हर नहीं, तेरे ब्रश में था.”

त्या दिवसापासून तो मला दोन्ही वेळा भरवायचा. मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातून जेवणं अवघड असतं, पण चौथ्या दिवशी सवय होते. आजारात आणखी काही शिकला नाहीत तरी एवढं शिका.

दाऊदभाई रोज संध्याकाळी यायचे. हाजराला पत्र माझ्या वतीने त्यांनी लिहिलं. तब्येत ठीक आहे, काम फार आहे म्हणून भाऊ लिहितोय. खोटं माझंच, अक्षर तेवढं त्यांचं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, “इब्राहिम, पुढच्या आगबोटीने तू घरी जा. हात नसलेला पेंटर इथं काय करणार? हाजराला मी काय तोंड दाखवू?”

मी चिडलो. “आणि हात नसलेला नवरा तिनं काय करायचा?”

ते उठून व्हरांड्यात गेले. मला वाटलं, रागावून गेले. सिस्टर नंतर म्हणाली, तुझा भाऊ खांबाला टेकून रडत होता, मीच याला आणलं म्हणत होता.

*सिस्टरचं पुस्तक*

दुसऱ्या दिवशी ती एक जाड पुस्तक घेऊन आली. पुठ्ठा फाटलेला, कडा पिवळ्या. तिच्या देशातल्या एका जुन्या चित्रकाराची चित्रं होती. “तुम पेंटर हो, देखो,” म्हणाली.

पहिली पानं बघून मी म्हणालो, ही तर कॅलेंडरची चित्रं आहेत. बागेत जेवायला बसलेली माणसं, पतंग उडवणारे, छत्रीखाली बसलेली सुंदर मुलगी. सिस्टर हसली. राजाला तेच हवं होतं, म्हणाली. महालाच्या भिंतींसाठी होती ती.

पुढे तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. चाळिशी ओलांडल्यावर हा माणूस भयंकर आजारी पडला. वाचला, पण ठार बहिरा झाला. काही जण म्हणतात, त्याच्याही रंगातल्या सफेद्याने झालं. डॉक्टर जवळच उभे होते, त्यांनी मान हलवली. नक्की कुणालाच ठाऊक नाही, म्हणाले. नक्की नसेना का, मला मात्र तो माणूस एकदम घरचा वाटायला लागला.

शेजारच्या मुलुखात तेव्हा क्रांती झाली होती. राजा गेला, लोकांचं राज्य आलं म्हणाले. चित्रकाराच्या शिकल्यासवरल्या दोस्तांना वाटलं, हा उजेड आपल्याकडेही येईल. आला, पण बंदुका घेऊन आला. त्याच क्रांतीतून वर चढलेल्या सेनापतीचं सैन्य यांच्या देशात घुसलं आणि त्याने इथल्या राजाला हटवून परका राजा बसवला. लोक हाताला लागेल ते घेऊन भिडले आणि मग वर्षानुवर्षं कापाकापी चालली. शेवटी यांचा जुना राजा परत आला, तर त्याने आपल्याच देशातल्या त्या दोस्तांना तुरुंगात टाकलं.

एका चित्राची हकीकत ऐकून मी खूप हसलो. शहराच्या मानाखातर काढलेलं मोठं चित्र, त्यात एक गोल चकती. त्या चकतीत आधी त्या परक्या राजाचा चेहरा. तो राजा पळाला, चेहरा पुसून तिथे लोकांच्या कायद्याचं नाव. परका राजा परत आला, नाव पुसलं. असं कितीदा झालं, कधी त्याच्या हातून, कधी दुसऱ्यांच्या. मी सिस्टरला म्हटलं, हे तर आमचं रोजचं काम! दुकान विकलं गेलं की जुनं नाव खरवडायचं, नवं लिहायचं. त्या बिचाऱ्याला एवढ्या मोठ्या चित्रकारीत आमचंही काम करावं लागलं.

मग तिने पान उलटलं आणि माझं हसू थांबलं. जमिनीवर ठेवलेला कंदील. एका बाजूला शिपायांची रांग, बंदुका रोखलेल्या. त्यांची पाठ आपल्याकडे, चेहरा एकाचाही दिसत नाही. समोर मरायला उभी केलेली साधी माणसं, आणि त्यांत एक जण दोन्ही हात वर फेकून उभा, पांढऱ्या सदऱ्यात. मी पेंटर आहे, मला आधी सदराच दिसला. एवढा सफेदा! छत्रीवाल्या मुलीच्या कपड्यांवर तो सजावटीला होता. इथे तो सदरा ओरडत होता. माझ्या हाडांत शिरला होता तो हाच रंग.

पुढची पानं बारीक काळ्या रेघांची. त्यांत कुणी शूर नाही. शिपाई गावकऱ्यांना मारतायत, पुढच्या पानावर गावकरी कुऱ्हाड घेऊन शिपायाला मारतोय, आणि दोन्ही चेहरे सारखेच भयंकर. एका चित्राखाली त्याने लिहिलंय की हे मी स्वतः बघितलं. ही चित्रं त्याच्या हयातीत छापलीसुद्धा गेली नाहीत. मी विचार करत राहिलो. बहिरा माणूस. त्याला गोळीचा आवाज आला नसणार, किंकाळी आली नसणार. त्याला फक्त उघडी तोंडं दिसली असतील. म्हणूनच ती त्याला इतकी नीट काढता आली असावीत.

सिस्टर म्हणाली, तिच्या देशात पुन्हा यादवी पेटली तेव्हा ती दहा वर्षांची होती. घर सोडताना आईने भांडी टाकली आणि हे पुस्तक घेतलं. आई म्हणायची, हे सगळं आपल्याआधी कुणीतरी बघून ठेवलंय, म्हणजे वेडे आपण नाही.

*दोन रेडिओ*

त्यानंतर आठवड्यातच आमचं युद्ध सुरू झालं. भारत आणि पाकिस्तान. करीमबक्षकडे ट्रान्झिस्टर होता, दाऊदभाईंनी मलाही एक आणून दिला. एका खाटेवर त्याचा देश जिंकत होता, दुसऱ्या खाटेवर माझा. मुंबईची आगबोट कराचीला लागून यायची, ती बंद झाली. टपाल बंद झालं. घरी जायचा विषयच संपला.

पहिल्या दुपारी करीमबक्षने घास पुढे केला. मी म्हटलं, “भूक नहीं.” त्याने तो घास ताटात ठेवला आणि तोंड फिरवलं.

मी चार दिवस डाव्या हाताने जेवलो. डाळ अंगावर सांडायची. आईची चापट आठवायची. आणि कुणाला सांगता न येणारी गोष्ट वेगळीच होती. माझी थोरली बहीण, आमची आपा, लग्न होऊन कराचीत आहे. माझ्या रेडिओवर कराचीवर बाँब पडल्याची बातमी आली की बाजूच्या वॉर्डातले आपले लोक खूश व्हायचे. मी हसल्यासारखं करायचो आणि पोटात कळ यायची. ती कळ शिशाची नव्हती.

पाचव्या दिवशी सिस्टरने ते पुस्तक आमच्या दोन खाटांमधल्या स्टुलावर उघडून ठेवलं आणि निघून गेली. चित्रकाराने म्हातारपणी स्वतःच्या घराच्या भिंतीवर काढलेलं चित्र. दोन माणसं एकमेकांना सोट्याने झोडपतायत आणि दोघंही गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेली. आजूबाजूला कुणी नाही.

करीमबक्षला राहवलं नाही. मान लांब करून त्याने बघितलं. “ये दो बेवकूफ कौन हैं?”

“पता नहीं,” मी म्हटलं. “पाँव गड़े हुए हैं. भाग भी नहीं सकते.”

त्याने स्वतःच्या प्लास्टरकडे बघितलं. मग माझ्या पट्टीकडे. आणि त्याला हसू फुटलं. “मेरी टाँग, तेरा हाथ. लाठी कौन उठाएगा?”

मीही हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो. आपाचं नाव तोंडून निघून गेलं. त्याने विचारलं, कराचीत कुठे राहते? मी सांगितलं, सदर बाजाराच्या मागे, लाकडाच्या वखारीजवळ. त्याचा चेहरा बदलला.

“उसी वखार से मैं लकड़ी लेता हूँ. मेरे बच्चे दो गली आगे हैं.”

त्याने आपला ट्रान्झिस्टर बंद केला. मीही माझा बंद केला. थोड्या वेळाने जेवण आलं आणि त्याने रोटी मोडली. “मुँह खोल.”

*डावा हात*

त्या पुस्तकाने मला एक गोष्ट लावून दिली. मी आयुष्यभर अक्षरं सुंदर काढली होती, माणूस कधी काढला नव्हता. सिस्टरकडून पेन्सिल मागितली आणि डाव्या हाताने करीमबक्ष काढायला लागलो. रेघा वाकड्या, कान मोठा, प्लास्टर पोत्यासारखं. पण तोंड उघडून घोरणारा तो करीमबक्षच होता. त्याने बघून शिव्या दिल्या आणि उशीखाली ठेवून घेतलं.

युद्ध थांबल्याची बातमी आली तेव्हा वॉर्डात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या गावाच्या बातमीसाठी कान लावून बसले होते. करीमबक्षच्या घरून निरोप आला, त्यात आपाचाही होता. सगळे सुखरूप. मी खाटेवरच अल्लाचा शुक्राना अदा केला.

त्यानंतर कितव्या दिवशी ते आठवत नाही. मी पाण्याचा पेला डाव्या हाताने धरला होता, उजवा नुसता मांडीवर होता, पट्टी सोडलेली.

“उठी!” करीमबक्ष ओरडला. “बीचवाली उठी!”

मला दिसलं नव्हतं. त्याने बघितलं. मधलं बोट तांदळाच्या दाण्याएवढं वर आलं होतं. सिस्टर धावत आली. मी परत केलं, परत आलं. डॉक्टरांनी ते बोट धरून एकदम माझ्याशी हात मिळवला, एवढ्याशा बोटाशी. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना हिंदीत, मराठीत, अरबीत, सुचेल त्या भाषेत धन्यवाद देत सुटलो. दाऊदभाईंनी संध्याकाळी सगळ्या वॉर्डला हलवा वाटला.

तुमच्यापैकी कुणाचा हात असा लोंबत असेल तर ऐका. तो एकदम येत नाही. दाण्यादाण्याने येतो, आणि कधी आपल्याआधी शेजाऱ्याला दिसतो. माझी उभी रेघ आजही किंचित थरथरते, आणि गिऱ्हाइकांना ती कळत नाही. टोक मी आता ओल्या पाटीवर फिरवून काढतो. अक्षराला दाढी येते कधी कधी. येऊ दे.

*तीन पत्रं*

टपाल सुरू झालं तेव्हा हाजराची तीन पत्रं एकदम आली. पहिल्यात होतं, ‘दाऊदभाईंचं अक्षर मी ओळखते. तुम्ही का लिहीत नाही?’ दुसऱ्यात, ‘हाताला काही झालं असेल तर तसं सांगा, मी काही म्हणणार नाही.’ तिसऱ्यात एकच ओळ होती. ‘तुम्ही आहात ना?’

दाऊदभाई बाजूला उभे होते. त्यांनी पेन काढलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

पट्टी बांधलेल्या उजव्या हातात पेन धरलं, डाव्याने मनगट उचलून धरलं. पहिल्या तीन कागदांवर नुसत्या रेघोट्या उठल्या. करीमबक्षने पुठ्ठा धरून ठेवला होता. हर्णैच्या उस्तादांनी ते अक्षर बघितलं असतं तर मला समुद्रात ढकललं असतं. सगळी सकाळ गेली आणि चौथ्या कागदावर एवढंच उतरलं: ‘हाजरा, मी आहे.’

रमझानच्या आधी मला इस्पितळातून सोडलं. करीमबक्ष काठी घेऊन दारापर्यंत आला. सिस्टरने मला ते सोट्यांचं चित्र पुन्हा एकदा दाखवलं आणि पुस्तक मिटून घेतलं.

हाजराचं उत्तर रमझानमध्ये आलं. मी ते रोजा सोडायच्या आधी उघडलं आणि खजूर हातातच राहिला. तिने लिहिलं होतं, ‘पत्र मिळालं. अक्षर फार वाईट आहे. तुमचंच आहे. या वेळी आधी वाचलं, बघत बसले मागाहून.’